रुळांनी केलेली वाटणी

खानदेश हा एकसंध जिल्हा १९०६ साली संपला. पूर्व खानदेशाचा कारभार जळगावहून आणि पश्चिमेचा धुळ्याहून चालू लागला. १९६० साली नावांतला खानदेशही गेला, जळगाव आणि धुळे एवढंच उरलं. नवापूरपासून एदलाबादपर्यंतचा मुलूख एका कलेक्टरच्या आवाक्यात मावणारा नव्हता, हे कारण खोटं नाही. पण दुसरं ठाणं जळगावलाच का, याचं उत्तर रुळांत सापडतं. १८१८ मध्ये कॅप्टन ब्रिग्जनं कारभार मांडला तो धुळ्यात. १८६० च्या दशकात मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वेची गाडी मात्र धुळे बाजूला ठेवून चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी गेली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला तो काळ. रूळ जिथे, बाजार तिथे. पुढे धुळ्याला चाळीसगावहून फाटा मिळाला खरा, पण तो धुळ्यातच संपला. गंमत अशी की चाळीसगाव गेलं पूर्वेकडे, आणि धुळेकराला मुंबईची गाडी धरायला आधी शेजारच्या जिल्ह्यात उतरावं लागू लागलं.

यावर कुणी म्हणेल, धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते होतेच की. होते, पण गाठी आणि घड लांब पाठवायचे तर त्या काळी मालडबाच लागे. रावेर-सावद्याची केळी दिल्लीला गेली ती वॅगनीतून. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: जिल्हा अखंड राहिला असता तर सातपुड्यातल्या आदिवासींचे हाल झाले असते. हे मान्यच करायला हवं. धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी धुळं गाठावं लागे, ते १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा होईपर्यंत. तेव्हा तोडण्यात चूक नव्हती, तोडल्यावर जोडणी राहून गेली. १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ आलं आणि हेच दोन्ही जिल्हे पुन्हा एका छपराखाली आले, मात्र नाव पडलं ‘उत्तर महाराष्ट्र’. २०१८ पासून तिथे कवयित्री बहिणाबाईंचं नाव आहे.

उरला प्रश्न धुळ्याच्या रुळांचा. पिढ्यान्पिढ्या निवडणुकांत गाजलेल्या मनमाड-इंदूर मार्गाला केंद्रानं २०२४ च्या सप्टेंबरात मंजुरी दिली: ३०९ किलोमीटर, १८ हजार कोटींवर खर्च. भूसंपादन, घाटातले बोगदे, दोन राज्यांची खाती, सगळं त्यात आलं. तो पुरा होईपर्यंत धुळ्याचा प्रवासी चाळीसगावच्या फाट्यावरच अवलंबून.