दस्तुरीच्या पुढे

नेरळहून माथेरानचा घाट चढून आलेली प्रत्येक गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते. इंजिन बंद होतं आणि कानांना अचानक मोकळं वाटतं. पुढे तांबडी वाट, दोन्ही बाजूंना जांभूळ, हिरडा, अंजनीची दाट झाडी आणि बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटरचा चढउतार. पाय धड असतील तर चालायचं. नाहीतर घोडा, नाहीतर जरा पुढच्या अमन लॉज स्टेशनवरून शटल मिळाली तर ती. आणि नाहीतर हातरिक्षा.

माथेरानची हातरिक्षा एकटा माणूस ओढत नाही. एक जण पुढे दांड्यांच्या मध्ये, दोघे मागे. चढावर मागचे दोघे छातीनं रेटतात. उतारावर तेच मागे रेलून टाचा मातीत रोवतात, कारण गाडीला ब्रेक म्हणजे त्यांचे पाय. पावसाळ्यात माती निसटते, तेव्हा टाच कुठे रोवायची हे ज्याचं त्यालाच ठाऊक. आत बहुधा एखाद्या आजीबाई असतात, गुडघ्यांनी दगा दिलेल्या, पदर सावरून संकोचून बसलेल्या. दुसऱ्या माणसाच्या घामावर आपण चाललो आहोत हे त्यांना कळत असतं.

शहरांमधले रस्ते मोटारींना बंद करण्याची चर्चा निघाली की माथेरानचं उदाहरण हमखास येतं. पुण्यात 11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन झाला. त्या एका दिवसासाठीसुद्धा व्यापारी, रहिवासी, वाहतूक पोलीस, महापालिका अशी सगळ्यांची समजूत घालावी लागते, आणि इथे तर अख्खं गाव पिढ्यानपिढ्या मोटारीशिवाय चाललं आहे. मीही हे उदाहरण अनेकदा दिलं आहे. ते देताना एक गोष्ट माझ्याकडून सुटत होती. रस्ता मोटारीला बंद केला म्हणून गॅसची टाकी, सिमेंटचं पोतं, आजारी माणूस आणि पर्यटकाची बॅग यांचं वजन कमी होत नाही. ते कुणाच्या तरी पाठीवर जातं. कुणाच्या, हे ठरवणाऱ्या बैठका, अधिसूचना आणि निकाल यांची ही हकीकत आहे.

माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान. 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट चौक गावाहून हा डोंगर चढले, आणि मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या साहेबलोकांना घराजवळचं थंड ठिकाण सापडलं. मागोमाग पारशी, बोहरी, गुजराती धनिकांचे बंगले आले. आदमजी पीरभॉय कुटुंबानं 1904 ते 1907 या काळात सोळा लाख रुपये खर्चून दोन फूट रुंदीच्या रुळांची गाडी डोंगरावर चढवली. जुम्मापट्टी, वॉटर पाइप अशी स्टेशनं घेत ती अजून चढते. पण तिचा भरवसा डोंगरावर अवलंबून. 26 जुलै 2005 च्या पावसानं मार्ग वाहून गेला आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला 2007 उजाडलं. 2019 च्या पावसात पुन्हा तेच झालं, ती ऑक्टोबर 2022 मध्ये नेरळहून निघाली. एरवीही पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंदच असतो, वर शटल तेवढी चालते. त्यामुळे माथेरानचा पोटापाण्याचा व्यवहार माणूस आणि घोडा यांच्या पायांवरच राहिला.

आता थोडं झोनिंगबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं भांडण समजत नाही.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही नगरपरिषदेत विकास आराखडा होतो तो 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली. नकाशा रंगतो. पिवळा म्हणजे राहण्यासाठी, निळा व्यापारासाठी, जांभळा कारखान्यांसाठी, हिरवा शेती आणि मोकळ्या जागेसाठी. गावोगाव लोक कायदा वाचत नाहीत, पण आपली जमीन ‘ग्रीनमध्ये’ आहे की ‘यलोमध्ये’ हे प्रत्येकाला तोंडपाठ असतं. प्रारूप आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचना मागवतात आणि त्यांची सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारनं नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. आपल्या दारातून रस्ता जाणार असेल तर माणूस सातबारा हातात घेऊन तिथे उभा राहतो, तावातावानं बोलतो, आणि समोर बसलेला निदान ऐकतो तरी. या व्यवस्थेचे दोष मी जवळून पाहिले आहेत. तरीही तिचा एक गुण मोठा आहे: ज्याच्या अंगणाचा प्रश्न, त्याला त्या गावातच बोलायला जागा मिळते.

माथेरानचं तसं राहिलं नाही. 4 फेब्रुवारी 2003 ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं माथेरान आणि परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. गावात त्याला सरळ ‘इको झोन’ म्हणतात. क्षेत्र 214.73 चौरस किलोमीटर. त्याआधी 2001 च्या जानेवारीत महाबळेश्वर-पाचगणीला हेच संरक्षण मिळालं होतं. या दोन्हीमागे बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप आणि त्याचे श्याम चैनानी यांचा चिवट पाठपुरावा होता. मंत्रालयांचे उंबरे झिजवत कागद पुढे नेणारा असा माणूस एखाद्या डोंगराच्या नशिबी यावा लागतो. हिरवळीच्या जमिनीचा वापर बदलणं, झाडं तोडणं, भूजल उपसणं या सगळ्यावर बंधनं आली. नगरपरिषदेच्या हद्दीत वाहनबंदी आता केवळ जुना रिवाज राहिली नाही. अपवाद होता तो रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या बंबासारख्या निकडीच्या वाहनांचा. देखरेखीसाठी सनियंत्रण समिती आली.

ही अधिसूचना नसती तर काय झालं असतं? लोणावळ्याच्या डोंगरउतारांकडे पाहिलं की उत्तर मिळतं. मुंबईपासून इतक्या जवळच्या पठारावर बंगल्यांच्या स्कीम उभ्या राहायला पाच वर्षं पुरली असती. तेव्हा इको झोन हवाच होता, आजही हवा आहे, याबद्दल माझ्या मनात तीळमात्र शंका नाही.

पण 2011 च्या जनगणनेत जेमतेम 4,393 लोकवस्ती भरलेल्या या गावाला त्याची किंमत वेगळी मोजावी लागली. माथेरान गिरिस्थान नगरपरिषद आहे, तिच्या निवडणुका होतात, नगराध्यक्ष असतो. तरी रस्त्याला कोणता दगड घालायचा हा प्रश्न नगरपरिषदेच्या सभागृहात सुरू होतो, सनियंत्रण समितीकडे जातो आणि अखेर दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात, गोदावर्मन वनखटल्याच्या अफाट पसाऱ्यात, जाऊन पोचतो. हातरिक्षा ओढणाऱ्यानं त्या सुनावणीला जायचं तर दोन दिवसांची कमाई बुडवून आणि गाडीभाडं उसनं घेऊन.

दगडाचा हा प्रश्न ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण सगळ्या वादाची मुळी तिथेच आहे. माथेरानचं पठार जांभ्याचं. त्याची माती तांबडी, सुटी, पाण्याबरोबर धावणारी. प्रत्येक पावसाळ्यात वाटांवरचा थर वाहून जातो, झाडांची मुळं उघडी पडतात, चर पडतात. उन्हाळ्यात तीच माती घोड्यांच्या टापांनी उधळते, आणि तिच्यात वाळलेल्या लिदीची पूड मिसळलेली असते. दुकानदाराच्या काउंटरवर, दाण्यांवर, चिक्कीवर आणि छातीतही ती बसते. म्हणून धूपप्रतिबंधक रस्ते करायचं ठरलं आणि मातीचे भाजलेले पेव्हर ब्लॉक निवडले गेले, क्ले पेव्हर. सिमेंट काँक्रीट नको, पाणी मुरलं पाहिजे, रंगही मातीशी जुळला पाहिजे, असा तो विचार.

अश्वपालांनी विरोध केला. घोड्याचा नाल गुळगुळीत ब्लॉकवर घसरतो, वर माणूस बसलेला असतो, हे त्यांचं म्हणणं. ते खरं आहे. नाल मारलेला घोडा भिजल्या फरशीवर कसा बिचकतो हे पाहिलेल्या माणसाला पटवून द्यावं लागत नाही. दुसरी शंका पर्यावरणवाल्यांची: आज ब्लॉक, उद्या त्यावर चाकं, परवा मोटारी. रस्ता सपाट झाला की गाडी आपोआप येते, हा आपल्याकडच्या प्रत्येक घाटाचा अनुभव असल्यामुळे ती शंकाही मला खोटी म्हणता येत नाही. 2023 च्या फेब्रुवारीत न्यायालयानं ब्लॉक बसवण्याचं काम थांबवलं.

याच काळात हातरिक्षाचालकांची मागणी न्यायालयापुढे होती. गावात परवानाधारक हातरिक्षा 94. एका रिक्षेला तीन माणसं धरली तर किती चुली त्यावर पेटतात याचा हिशोब सोपा आहे. त्यांनी रोख मदत मागितली नाही, काम सोडायचं म्हटलं नाही. ई-रिक्षा द्या, एवढंच मागितलं: आवाज नाही, धूर नाही आणि छाती फुटत नाही. 12 मे 2022 च्या आदेशानं प्रायोगिक परवानगी मिळाली आणि 5 डिसेंबर 2022 पासून तीन महिने सात ई-रिक्षा दस्तुरी ते गाव धावल्या. शाळेची मुलं पाठीवर दप्तर घेऊन रोजची ती चाल चालत आली होती. ती बसून गेली. म्हातारी माणसं दवाखान्यात कुणाच्या उपकाराविना गेली. 4 मार्च 2023 ला प्रयोग संपला आणि मुलं पुन्हा चालू लागली. त्या संध्याकाळी गावाला काय वाटलं असेल, हे नियोजनाच्या कुठल्याच अहवालात येत नाही.

पुढे ई-रिक्षांना 20 ची मर्यादा आली, आणि त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात हे न्यायालयानं 2024 मध्ये स्पष्ट केलं. 94 परवाने, 20 गाड्या. या दोन आकड्यांच्या मध्ये चौऱ्याहत्तर परवानाधारक उभे होते. नियोजनाच्या भाषेत याला वहनक्षमता म्हणतात, अमुक रस्त्याला अमुक इतकी वाहनं झेपतात असा हिशोब. डोंगराची क्षमता मोजावी, जरूर मोजावी. पण आकडा ठरवताना त्याच वाटेवर वर्षानुवर्षं चालत असलेल्या माणसांच्या शरीराची क्षमता कुणी मोजली होती का, असा माझा प्रश्न आहे.

6 ऑगस्ट 2025 ला सरन्यायाधीश भूषण गवई, न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन आणि न्यायमूर्ती एन. व्ही. अंजारिया यांच्या खंडपीठानं त्याला उत्तर दिलं. माणसानं माणसाला ओढण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्यानं बंद करा, असा आदेश झाला. 1980 च्या आझाद रिक्षा पुलर्स युनियन खटल्याची आठवण खंडपीठानं काढली. त्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठानं पंजाबातल्या सायकलरिक्षा ओढणाऱ्यांना त्या रिक्षांचं मालक होता यावं म्हणून कर्जाची वाट आखून दिली होती. त्याला तेव्हा पंचेचाळीस वर्षं झाली होती. गुजरातेत केवडियाला स्थानिक महिला ई-रिक्षा चालवतात, ती योजना पाहा, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असंही राज्याला बजावलं. खरे हातरिक्षाचालक कोण हे सनियंत्रण समितीनं ठरवायचं, गाड्यांची संख्या जमिनीवरची गरज पाहून ठरवायची आणि उरलेल्या ई-रिक्षा आदिवासी महिला व इतर गरजूंना द्यायच्या. पेव्हर ब्लॉकचाही निकाल लागला: दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर चालतील, आतल्या वाटा आणि पायवाटा मातीच्याच राहतील.

झोनिंगचा अर्थ इतका नेमका मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे. एकाच गावात एक वाट चाकांना मोकळी आणि तिला फुटणारी दुसरी वाट टाचेला, टापेला राखून ठेवलेली. वीस वर्षांच्या वादात सगळ्यांचं थोडं थोडं खरं होतं आणि ते या एका रेषेत बसलं.

अश्वपालांचं काय, हा प्रश्न मात्र राहतो. गावात साडेचारशेच्या वर घोडे आहेत. दस्तुरीवर उतरणाऱ्या पर्यटकाला आधी घोडा दिसतो, आणि त्या पहिल्या भाड्यावर अनेकांचा दिवस उभा असतो. 2025 च्या मार्चमध्ये पर्यटकांची दिशाभूल आणि फसवणूक होते म्हणून गावकऱ्यांनी बेमुदत बंद पुकारला, तेव्हा नाक्यावरचा ताण साऱ्या राज्यानं पाहिला. घोडेवाल्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. पायथ्याच्या वाड्यांमधला पोरगा दहावी झाली की लगाम हातात घेतो, कारण दुसरं काही समोर नसतं. ई-रिक्षांची संख्या वाढेल तसं त्याचं भाडं कमी होईल. म्हणून पॉइंटवर जाणाऱ्या मातीच्या वाटा घोड्यांच्या म्हणून कागदावर नोंदल्या जाव्यात, तिथे चाक कधीच जाणार नाही याची लेखी हमी मिळावी, पाण्याची टाकी आणि लीद उचलण्याची सोय नगरपरिषदेनं करावी. हे सगळं एका बैठकीत ठरण्यासारखं आहे. ती बैठक माथेरानात, बाजारातल्या एखाद्या सभागृहात, घोडेवाले आणि रिक्षावाले यांना समोरासमोर बसवून व्हायला हवी. मुंबईच्या मंत्रालयात नको.

न्यायालयानं दिलेल्या सहा महिन्यांपैकी 2025 च्या दिवाळीपर्यंत जवळजवळ अडीच सरले होते. दिवाळीच्या सुट्टीत माथेरान फुलून जातं. अमन लॉज स्टेशनवर शटलसाठी रांग लागते, नाक्यावर घोडे उभे असतात आणि त्यांच्या पलीकडे, दांड्यांना हात टेकून, हातरिक्षावाले गिऱ्हाइकाची वाट पाहत असतात. खऱ्या हातरिक्षाचालकांच्या यादीत नाव आलं का, हे त्यांना जाऊन विचारता येईल.