नळाच्या पाण्याची खरी परीक्षा

चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या घेते. मग घरात एकच निदान होते : पाणी जड आहे. त्याच सुमारास यंत्र विकणारा दारात येतो, पेनासारखे मीटर पेल्यात बुडवतो आणि आकडा दाखवतो. आकडा मोठा दिसला की आपण घाबरतो, लहान दिसला की निर्धास्त होतो. ही भीती आणि हा निर्धास्तपणा, दोन्ही कितपत खरे आहेत, हे आपण पाहू.

जड पाणी म्हणजे काय?

जमिनीत मुरलेले पाणी खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम सोबत घेते. ते जास्त झाले की पाणी जड होते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक (आयएस १०५००) असे सांगते की, जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल. जडपणाचे दोन प्रकार आहेत. एक उकळल्याने जातो. पातेल्यातील पांढरा थर त्याचाच. दुसरा उकळूनही जात नाही. केस राठ होणे, गिझर लवकर बिघडणे, साबण जास्त लागणे हे त्रास खरे आहेत. पण केवळ जडपणामुळे पाणी विषारी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादा घातलेली नाही.

मात्र अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात प्रश्न वेगळा आहे. तेथील भूजल मुळातच खारट आहे. काही जिल्ह्यांत फ्लोराइड जास्त आढळते. ते लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर गेले की दात आणि हाडे बिघडतात. फ्लोराइड उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. अशा ठिकाणी प्रयोगशाळेतील तपासणीला पर्याय नाही.

वांगणीने दिलेला धडा

आता जव्हार-मोखाड्याकडे वळू. येथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण डोंगर उताराचे, खडक काळा आणि कठीण. पाणी मुरत नाही, वाहून जाते. मोखाडा तालुक्यातच मुंबईची तहान भागवणारे मध्य वैतरणा धरण उभे आहे, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. बायाबापड्या आटत आलेल्या विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरतात.

याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी हे नाव १९९२-९३ मध्ये महाराष्ट्राला हादरवून गेले. कुपोषणाने तेथे शंभरहून अधिक आदिवासी बालके दगावली. कारणे अनेक होती : भूक, बेरोजगारी, दवाखान्यापर्यंत रस्ता नसणे. पण कुपोषण आणि दूषित पाणी यांचे नाते डॉक्टर आजही सांगतात. घाण पाण्याने जुलाब होतात, जुलाबाने खाल्लेले अंगी लागत नाही, अशक्त मूल पुन्हा आजारी पडते. हे चक्र फिरत राहिले की साधा जुलाबही जीव घेतो.

दारात आलेल्या त्या मीटरने अशा विहिरीचे पाणी तपासले तर आकडा कदाचित लहानच येईल, कारण ते मीटर विरघळलेले क्षार मोजते. जंतू त्याला दिसत नाहीत. पावसाळ्यात डोंगरावरून उतरलेले, शेणामातीतून वाहिलेले पाणी मऊ असते आणि तरीही मुलाला दवाखान्यात पोहोचवते. म्हणून जडपणा मोजण्याआधी पाणी गढूळ आहे का, त्यात क्लोरिन आहे का आणि गटाराचे पाणी कुठे मिसळते का, हे विचारले पाहिजे.

घरात काय करावे?

गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते निवळू द्यावे आणि दुपदरी स्वच्छ कापडातून गाळावे. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. म्हणून पिण्याचे पाणी खदखदून उकळावे आणि झाकून ठेवावे. माठातून पाणी काढायला दांडीचे ओगराळे ठेवावे, हात बुडवू नये. आठवड्यातून एकदा टाकी व माठ घासून धुवावेत.

पाण्यातील एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तर आरओ यंत्राची गरज नसते. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये हाच आकडा धरला होता. आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकते. यंत्र असेलच तर ते पाणी फरशी आणि संडासासाठी साठवावे. वजूच्या वेळी नळ वाहता ठेवण्यापेक्षा बदना वापरला तरी बरेच पाणी वाचते. प्रेषितांनी (स.) एक मुद, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास पाण्यात वजू केल्याचे आपण ऐकतोच.

मुलाला जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

कोणाला विचारावे?

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात टीसीएल पावडर टाकतो आणि ओटी तपासणी करतो. पाणी पिवळसर झाले तर क्लोरिन आहे. शेवटच्या घराच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरले पाहिजे. जोखीम पाहून गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणते, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. आमच्या भगिनींनी त्यात आपले नाव अवश्य द्यावे. शहरात हेच प्रश्न नगर परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाला लेखी विचारावेत.

पाणी घरात बाई भरते, बाईच गाळते आणि आजारी मुलाच्या उशाशी बहुधा तीच जागते. पाण्याची तपासणीही तिच्या हाती आली, तर वावर-वांगणीसारखी पाळी दुसऱ्या गावावर येण्याआधी कोणीतरी वेळेवर बोलेल.