बोर्डाचा शेरा म्हणजे निकाल नव्हे

सातारा-कोल्हापूरकडे माजी सैनिक जमले की हे वाक्य हटकून कानावर येतं : ‘आजार नोकरीमुळे नाही, असं मेडिकल बोर्डानेच लिहिलंय, आता कुठे दाद मागणार?’ सांगणारे बहुधा एखादे सुभेदारसाहेब असतात, त्यामुळे ऐकणारा मुकाट अपंगत्व पेन्शनवर पाणी सोडतो.

अहो, शेरा म्हणजे निकाल नव्हे! 1982चे पात्रता नियम स्पष्ट आहेत. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान धडधाकट होता असं धरायचं. पुरावा त्याच्याकडे मागायचा नाही. शंकेचा फायदाही त्यालाच. छाती, डोळे, पाय तपासून घेतलेल्या माणसाला ‘आजार तुझ्या घरचाच’ म्हणायचं, तर लष्कराने कारण द्यायला हवं. सिग्नल्समधले शिपाई धरमवीर सिंग 1985 साली भरती झाले आणि 1994 साली फिट्समुळे, 20 टक्के अपंगत्वावर, बोर्ड आउट, म्हणजे वैद्यकीय कारणाने सेवामुक्त झाले. पेन्शन नाकारली गेली. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ती द्यायला लावली. बोर्डाने मताचं कारणच नोंदवलं नव्हतं, हा त्यातला कळीचा मुद्दा. म्हणून आधी बोर्डाच्या कागदांची प्रत मिळवा आणि कारणाचा रकाना वाचा. ‘नेमणूक शांत भागात होती’ एवढंच तिथे असेल, तर ते कारण टिकत नाही.

अर्थात अपील केलं की पेन्शन मिळालीच, असंही नाही. 2019 साली स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने बोर्डाचं मत उचलून धरलं. शिवाय 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आलेत. त्यानंतर बाहेर पडलेल्यांनी जुने निकाल जसेच्या तसे अर्जात उतरवू नयेत.

असेच आणखीही काही समज ऐकू येतात. ‘पूर्ण नोकरी करून निवृत्त झालो, मग टक्के वाढवून मिळत नाहीत.’ मिळतात, सर्वोच्च न्यायालयाच्या 2014च्या राम अवतार निकालानुसार 20 टक्के कायम अपंगत्व 50 टक्के धरलं जातं.

‘फार वर्षं झाली.’ तरी दावा संपत नाही, फक्त थकबाकी साधारणपणे मागच्या तीनच वर्षांची मिळते. पहिलं अपील मात्र नकार आल्यापासून सहा महिन्यांत करावं.

‘अपिलाला उत्तरच येत नाही.’ सहा महिने वाट पाहून सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाता येतं.

‘त्यासाठी दिल्ली गाठावी लागते.’ महाराष्ट्र-गोव्यासाठी खंडपीठ मुंबईत आहे. थकबाकीत वाटा मागणाऱ्या एजंटाकडे जाण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. अर्जाला मदत करणं हे त्यांचं कामच आहे.