कपाटावरची गाडी दारात आली तेव्हा

डी ब्लॉकच्या माझ्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. एका जुन्या इंग्रजी मासिकातून फाडलेलं. लाल रंगाची, दोन सीटची, छप्पर नसलेली एमजीबी. सबमिशनच्या रात्री कपाट उघडलं की आधी ती दिसायची, मग शर्ट. रूममेट म्हणायचा, "लेका, आधी केटी काढ, मग गाडी घे."

केटी निघाली. गाडीला मात्र बावीस वर्षं लागली. नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडात कॉव्हेंट्रीला राहतो, तिथे मार्च २०२३ मध्ये १९७० सालची एक एमजीबी माझ्या दारात येऊन उभी राहिली. लाल नाही, गडद हिरवी. पहिल्या सहा महिन्यांत जे शिकलो ते मासिकासाठी लिही, असा रूममेटचा हुकूम आहे. तो आता आपल्याच कॉलेजात शिकवतो. नाव लिहिलं तर मार खावा लागेल, म्हणून लिहीत नाही.

एमजी म्हटलं की तुम्हाला २०१९ साली आपल्याकडे आलेली हेक्टर आठवेल. नाव तेच, घराणं फक्त नावापुरतं. मूळची एमजी म्हणजे ऑक्सफर्डची मॉरिस गॅरेजेस. एमजीबी १९६२ मध्ये आली आणि १९८० पर्यंत अॅबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून अधिक बनल्या. इंजिन १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, ताकद साधारण ९५ हॉर्सपॉवर. म्हणजे आजच्या साध्या हॅचबॅकच्या आसपास! पण बसायला इतकी खाली की शेजारून ट्रक गेला तर त्याचं चाक तुमच्या डोळ्यांसमोर. पॉवर स्टिअरिंग नाही. सकाळी चोक ओढायचा, इंजिन धडधडायला लागलं की हळूहळू आत ढकलायचा. पन्नास मैलांच्या वेगात शंभरची मजा येते, हे मात्र खरं.

आणि आता ऐका. बॉनेट पहिल्यांदा उघडलं तेव्हा मला ते इंजिन ओळखीचं वाटलं. आपल्या आय. सी. इंजिन लॅबमध्ये दाराजवळ लाल-निळा रंग दिलेलं, अर्धं कापलेलं अँबॅसडरचं इंजिन आहे ना, त्याचा हा थोरला भाऊ. अँबॅसडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं इंजिन, दोन्ही बीएमसीच्या बी-सिरीज कुळातली. चाळीस लाखांची स्वप्नं बघणाऱ्या मुलांनी ज्या इंजिनकडे ढुंकून पाहिलं नाही, त्याच्याच भावासाठी मी सात समुद्र ओलांडून पैसे मोजले होते.

पैशांवरून आठवलं. पहिला दणका इंजिनाचा नव्हताच, पत्र्याचा होता. इंग्लंडात गाड्यांची एमओटी नावाची वार्षिक तपासणी असते. चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून तिची सक्ती नाही. तरी मी हौसेने करून घेतली. तपासनीसाने गाडी वर घेतली, दाराखालच्या पट्टीला बोटाने टकटक केलं आणि मान हलवली. खरेदीच्या वेळी मी चुंबक लावून पाहिलं होतं, पण वरच्या चकचकीत भागाला. खालच्या कडेला चुंबक चिकटलंच नसतं. तिथे पत्रा कमी आणि पुट्टी जास्त होती.

या पट्टीला सिल म्हणतात, आणि इथे एसओएमचा तास आठवा. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, ती मोनोकॉक आहे. बंद गाडीत छप्परही भार उचलतं. उघड्या गाडीत ते काम मुख्यतः दाराखालच्या दोन सिलवर येतं. सिल ही पत्र्याची बंद पेटी असते. बंद पोकळ सेक्शन पिळाला किती दाद देत नाही, आणि त्यालाच एक लांब चीर पाडली की तो कसा लेचापेचा होतो, हे आपण बोर्डावर काढलंय. पटत नसेल तर मेसमधून पुठ्ठ्याची नळी आणा, पिळून बघा, मग ब्लेडने उभी चिरा आणि परत पिळा. गंजाने खालची कड खाल्ली की सिलची तीच गत होते. ओळखायची युक्तीही सोपी आहे. गाडी जॅकवर उचलली की दाराची फट बदलते का बघायचं. माझ्या गाडीची बदलत होती. दार घासायला लागलं होतं.

वेल्डिंगला दोन महिन्यांचा पगार गेला. बायको काही बोलली नाही, हेच जास्त लागलं.

दुरुस्ती होऊन गाडी मे महिन्यात परत आली. आता मी पेटलो होतो. पहिल्याच रविवारी सर्व्हिसचं अख्खं पाकीट आणून सगळं एका बैठकीत बदललं: प्लग, कॉन्टॅक्ट पॉईंट, कंडेन्सर, रोटर, तेल, फिल्टर. पॉईंटची फट फीलर गेजने ०.३८ मिलिमीटर लावली. गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. स्वतःचीच पाठ थोपटली.

पुढच्या रविवारी फॉस वे या रोमन काळातल्या सरळसोट रस्त्याने गेडनच्या मोटार संग्रहालयाकडे निघालो. शेजारी बायको, मागे डबा. पंचवीस मिनिटांनी गाडीने दोन आचके दिले आणि बंद. काही केल्या सुरू होईना. अर्धा तास शेताच्या कडेला बसून थालीपीठ खाल्लं. मग सेल्फ मारला तर जशी काही झालंच नाही! पंचवीस मिनिटांनी पुन्हा तेच.

गरम झाली की बंद, गार झाली की चालू. माझं निदान तयार होतं: व्हेपर लॉक. पेट्रोल उष्णतेने नळीतच वाफ होतंय. मग मी तीन आठवडे काय काय केलं! कार्ब्युरेटर खोलले, साफ केले. पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलल्या. (ते एरवीही करायचंच होतं. इथे सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. तुमच्याकडे ई-२० आहे, तेव्हा हॉस्टेलच्या स्टँडवर जुनी आरएक्स लावणाऱ्यांनी नळीला एकदा हात लावून बघावा.) नळीभोवती उष्णतारोधक पट्टी गुंडाळली. गाडी बंद पडायची ती पडतच राहिली. जूनअखेर मी विकायची जाहिरात लिहून काढली. चित्र कपाटावरच बरं होतं, असं वाटायला लागलं.

जाहिरात द्यायच्या आदल्या रात्री रूममेटला फोन केला.

"बंद पडल्यावर स्पार्क बघितलास?" तो म्हणाला.

"नाही."

"मग कार्ब्युरेटर कशाला उघडलास? पंपाचा आवाज?"

आवाज! या गाडीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप मागच्या बाजूला असतो. चावी फिरवली की टक-टक वाजतो आणि कार्ब्युरेटरचे वाडगे भरले की थांबतो. नळीत वाफ असती तर तो भराभर वाजत राहिला असता. फॉस वेवर तो चार-पाचदा वाजून गप्प झाला होता, मी स्वतः ऐकलं होतं. म्हणजे पेट्रोल पोचत होतं. ऐकूनही मी ऐकलं नाही, कारण निदान आधीच ठरलं होतं.

"कंडेन्सर काय करतो रे?" त्याने विचारलं. मी गप्प. "सहावा प्रयोग. माझ्याच जर्नलवरून उतरवला होतास."

तर तो सहावा प्रयोग आता नीट लिहितो. पॉईंट जुळलेले असताना इग्निशन कॉईलच्या प्रायमरीतून तीन-चार अँपियर करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉईंट उघडले की करंट थांबायला हवा. पण इंडक्टन्सचा स्वभाव असा की करंट एकदम थांबू देत नाही. तो उघडत्या फटीतून ठिणगी मारून वाहतच राहतो. क्षेत्र मग सावकाश ओसरतं, आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट यायचे ते येत नाहीत. पॉईंटला समांतर जोडलेला, जेमतेम ०.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर त्या क्षणी करंटला दुसरीकडे जागा देतो. फटीत ठिणगी पडत नाही, क्षेत्र झटक्यात कोसळतं आणि प्लगला खणखणीत निळा स्पार्क मिळतो. कंडेन्सर आतून सदोष असेल तर गार असताना काम करतो, डिस्ट्रिब्युटर तापला की हात वर करतो. लक्षणं हुबेहूब व्हेपर लॉकची!

दुसऱ्या दिवशी गाडी दारातच चालू ठेवली आणि बंद पडायची वाट बघत बसलो. अठ्ठाविसाव्या मिनिटाला पडली. प्लग काढून ब्लॉकला टेकवला, बायकोने सेल्फ मारला. स्पार्क पिवळट, मरगळलेला. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं तर पॉईंटमध्ये मात्र दिवाळी चालू.

जुना कंडेन्सर खिळ्यामोळ्यांच्या डब्यात टाकला होता. तो काढला, पुसला, परत बसवला. गाडी सुरू झाली. तास झाला, दोन झाले, बंद पडेना. म्हणजे चांगला चालणारा भाग काढून सदोष नवा भाग मीच बसवला होता. आणि सहा गोष्टी एकदम बदलल्या होत्या, म्हणून कोणत्या गोष्टीने घोटाळा केला ते कळायला मार्गच नव्हता. आता एका रविवारी एकच गोष्ट बदलतो, वहीत तारीख लिहितो आणि आठवडाभर चालवून मगच पुढच्या कामाला हात घालतो. जुना भाग महिनाभर फेकत नाही.

ऑगस्टमध्ये गेडनला पोचलो. डबा या वेळी संग्रहालयाच्या हिरवळीवर खाल्ला. परतताना बायको म्हणाली, "मी चालवू?" चोक किती ओढायचा यावरून आमचं अजून पटत नाही.

लॅबमधलं ते कापलेलं इंजिन अजून जागेवर आहे, असं रूममेट सांगतो. डिस्ट्रिब्युटरचं झाकण मात्र कुठल्यातरी बॅचने पळवलंय. माझ्याकडे एक जादा पडलंय. डिसेंबरात येताना घेऊन येतो, बसतं का बघू.