बचाव तबकडी, संगणकीय

संगणकाची परिचालन प्रणाली बिघडून तो सुरू होईनासा झाला असता, ज्या स्वतंत्र तबकडीवरून तो सुरू करून आतील माहिती वाचविता येते अथवा प्रणाली दुरुस्त करता येते, तिला बचाव तबकडी म्हणतात. प्रारंभी यासाठी १.४४ मेगाबाइट क्षमतेची फ्लॉपी व पुढे सु. ७०० मेगाबाइट क्षमतेची सीडी वापरीत. आता बहुधा पेनड्राइव्ह वापरतात. ‘तबकडी’ हे नाव मात्र टिकून आहे.

महत्त्व : परिचालन प्रणाली बिघडणे आणि माहिती नष्ट होणे या दोन भिन्न गोष्टी होत. उदा., जालना येथील महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत भंगार लोखंड वितळवून बांधकामाच्या सळया तयार करणारे कारखाने आहेत. अशा कारखान्यात प्रत्येक हीटचे रासायनिक पृथक्करण, भारतीय मानक १७८६ नुसार घेतलेल्या सळयांच्या कसोट्या, वजनकाट्यावरील पावत्या इ. नोंदी संगणकात साठविलेल्या असतात. वीजपुरवठा अकस्मात खंडित झाल्याने फायलींची मांडणी विस्कळीत होऊन संगणक बंद पडला, तरी या नोंदी बहुधा हार्ड डिस्कवर शाबूत असतात. अशा वेळी घाईने डिस्क फॉरमॅट करून प्रणाली नव्याने बसविल्यास त्या पुसल्या जाण्याचा धोका असतो. बचाव तबकडीमुळे त्या आधी बाहेर काढता येतात.

इतिहास : रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला ग्नू प्रकल्प व लिनस टॉरवाल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला लिनक्स हा कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, यांतून मुक्त परिचालन प्रणाली सिद्ध झाली. मुक्त आज्ञावली अभ्यासण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा असल्याने आपल्या यंत्रास अनुरूप तबकडी कोणासही बनविता येते. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांची २००० साली प्रसिद्ध झालेली क्नॉपिक्स ही सीडीवरूनच चालणारी प्रणाली या क्षेत्रात विशेष गाजली.

रचना व कार्य : संगणक सुरू होताच त्यातील बायॉस किंवा यूईएफआय ही मूळ आज्ञावली तबकडीवरील प्रारंभक शोधते. प्रारंभक कर्नेलला स्मृतीत आणतो व कर्नेल तबकडीवरील संक्षेपित फाइलसमूह उघडतो. कामाच्या ओघात होणारे बदल स्मृतीतच राहतात. त्यामुळे वापरणाऱ्याने मुद्दाम आज्ञा दिल्याखेरीज हार्ड डिस्कला सहसा धक्का लागत नाही.

बांधणी : डेबियन या प्रणालीच्या आधारे तबकडी बनविताना डीबूटस्ट्रॅप या साधनाने एका फोल्डरमध्ये किमान प्रणाली उभारतात. तीत कर्नेल, आवश्यक ड्रायव्हर व दुरुस्तीची साधने घालतात. फायलींची मराठी नावे नीट दिसावीत म्हणून देवनागरी फाँटही घालतात. मग स्क्वॉशएफएस पद्धतीने हा समूह संक्षेपित करतात आणि प्रारंभकासह झॉरिसो या साधनाने त्याची एकच प्रतिमा-फाइल बनवितात. ती पेनड्राइव्हवर उतरविल्यावर प्रत बिनचूक असल्याची पडताळणी करतात. जुन्या ३२ बिटी यंत्रास त्या प्रकारचाच कर्नेल लागतो. म्हणून ज्या यंत्रासाठी तबकडी बनविली, त्याच यंत्रावर ते सुस्थितीत असतानाच चाचणी घेणे अगत्याचे असते.

वापर : प्रथम हार्ड डिस्क केवळ वाचनापुरती जोडून निकडीच्या फायली दुसऱ्या साधनावर घेतात. डिस्क झिजलेली असल्यास ग्नू डीडीरेस्क्यू हे साधन वाचनीय भाग आधी उतरवून घेते आणि सदोष भागांकडे नंतर वळते. काम मध्येच थांबले तरी ते तेथून पुढे चालू करता येते. हरवलेले विभाग टेस्टडिस्कने व फायली फोटोरेकने शोधतात. हे प्रयोग शक्यतो मूळ डिस्कऐवजी तिच्या प्रतीवर करतात.

मर्यादा : डिस्कमधून खडखडाट ऐकू आल्यास वीज तोडून ती तज्ञाकडे देणे इष्ट असते. सांकेतिक रूपात साठविलेली माहिती किल्लीवाचून उघडत नाही. उलट, तसे संरक्षण नसलेल्या कोणत्याही संगणकातील माहिती या तबकडीने परक्यासही वाचता येते. म्हणून ती कुलपात ठेवावी लागते. नियमित राखीव प्रतींची उणीव तबकडीने भरून निघत नाही. तिने केवळ शिल्लक राहिलेलेच हाती येते.