धंद्यासाठी ओळखी हव्यात? मग वेगवेगळ्या माणसांबरोबर पळा

आमच्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न कर्जाचा नसतो, मालाचाही नसतो. तो असतो, "सर, धंदा करायचाय, पण आपली कुठे ओळख नाही." शहापूरची मुलं हेच म्हणतात, मुरबाडच्या ताईही हेच म्हणतात. आणि गंमत बघा, असं म्हणणाऱ्याच्या लग्नात हजार माणूस जेवून गेलेलं असतं! म्हणजे ओळखी भरपूर आहेत. फक्त त्या सगळ्या एकाच वर्तुळातल्या आहेत. भावकी, गाववाले, शाळेतले मित्र आणि नाक्यावरची मंडळी.

मागच्या एका व्हिडिओत मी जाता जाता बोललो होतो, की सकाळी पळायला जा, पण रोज त्याच एका मित्राबरोबर जाऊ नका. पळण्याचा आणि धंद्याचा काय संबंध, असं त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं. आज तेवढंच सविस्तर सांगतो.

आधी एक जुना अभ्यास. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक लेख लिहिला. बोस्टनजवळच्या एका गावात ज्यांनी नुकतीच नोकरी बदलली होती, अशा लोकांना त्याने विचारलं, की नोकरीची खबर तुम्हाला दिली कोणी? ओळखीतून नोकरी मिळालेले ५४ जण निघाले. त्यातल्या फक्त ९ जणांना खबर देणारा माणूस आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणारा होता. ३० जणांचा माणूस अधूनमधून भेटणारा होता. आणि १५ जणांचा तर वर्षातून एखाद्या वेळी भेटणारा, किंवा तेवढाही नाही. म्हणजे जिवलग मित्रापेक्षा जेमतेम ओळखीचा माणूस जास्त कामाला आला.

कारण साधं आहे. आपल्या जवळच्या मित्राला तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. समजा किन्हवलीत एखाद्याला मोबाईल रिपेअरिंग टाकायचंय. त्याचे दहाही मित्र त्याला उल्हासनगरच्या त्याच घाऊक दुकानाचं नाव सांगणार, कारण दहाही जणांना तेवढंच माहीत. एकाचं चायनीजचं दुकान चाललं की त्याच रस्त्यावर आणखी चार उघडतात, तेही यामुळेच. बातमी एकाच वर्तुळात गोल गोल फिरते. नवीन भाव, नवीन माल, नवीन गिऱ्हाईक ही खबर बाहेरून यावी लागते, आणि बाहेरचा माणूस आपल्याशी बोलेल अशी जागा आपल्या तालुक्यात फारशी नाही.

पहाटेचा रस्ता ही अशी जागा आहे. सकाळी साडेपाच-सहाला आपल्याकडे कोण कोण पळतं ते जरा मोजा. सगळ्यात जास्त भरतीची मुलं-मुली. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, अशी ५० गुणांची मैदानी चाचणी असते. त्यासाठी पाड्या-पाड्यांवरून पोरं येतात. मग डॉक्टरने शुगर सांगितल्यावर पळायला लागलेले काका. झेडपीचे शिक्षक. बँकेत बदली होऊन आलेला, गावात कोणालाच न ओळखणारा साहेब. मुरबाड एमआयडीसीत शिफ्टला जाणारे. आसनगावहून रोज लोकलने मुंबई गाठणारे, रविवारीच दिसणारे. हे सगळे एरवी एका चहाच्या टेबलावर बसतील का? नाही बसणार. पण ट्रॅक पॅंट घातल्यावर कोण साहेब आणि कोण गडी, ते पटकन कळत नाही.

दुसरी गोष्ट, पळताना बोलणं वेगळं होतं. समोरासमोर बसलं की मुलाखत दिल्यासारखं वाटतं. शेजारी शेजारी पळताना नजर रस्त्यावर असते, गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं होत नाही, आणि माणूस आपोआप खरं बोलतो. ऑक्सफर्ड विद्यापीठात वल्ही मारणाऱ्या खेळाडूंवर एक छोटा प्रयोग झाला होता. एकट्याने सराव केल्यावर आणि सगळ्यांनी मिळून एका लयीत सराव केल्यावर त्यांची वेदना सहन करायची ताकद तपासली. मेहनत सारखीच, पण एकत्र केल्यावर ती ताकद जास्त वाढलेली दिसली. प्रयोग फक्त १२ खेळाडूंवरचा होता, त्यामुळे त्याचा फार मोठा डंका पिटायला नको. पण दिंडीत चाललेल्या माणसाला पाय दुखल्याचं उशिरा कळतं, हे आपल्याला माहीतच आहे.

मात्र इथे वेगाचा प्रश्न येतो. धापा टाकत पळालात तर ओळख होणार नाही, फक्त दम लागेल. पूर्ण वाक्य न तुटता बोलता येतं का, ही साधी परीक्षा. येत नसेल तर वेग कमी करा. भरतीच्या मुलांच्या मागे त्यांच्या जोरात पळायच्या दिवशी लागू नका. ती पोरं गुणांसाठी पळतात, तुम्ही मध्ये लुडबुड केलेली त्यांना आवडणार नाही. त्यांचा हलका दिवस विचारून घ्या आणि त्या दिवशी जा. आठवड्यातून एक दिवस आपल्यापेक्षा जोरात पळणाऱ्यांबरोबर, एक दिवस आपल्यापेक्षा हळू चालणाऱ्या काका-काकूंबरोबर, असं केलं की माणसं आपोआप बदलतात. मी स्वतः असंच करतो. आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. कुठल्या पाड्यावर घरकुलाची कामं सुरू झाली, ही खबर आम्हाला कंपनीच्या सेल्समनच्या आधी अशाच एका भरतीच्या मुलाकडून मिळालेली आहे.

माझ्या बॅचमधल्या एका ताईंचं सांगतो. मसाले आणि पापड विकतात. उद्यम नोंदणीसाठी त्यांच्याकडे एकाने दोन हजार मागितले होते, आणि ताई द्यायला तयारही झाल्या होत्या. त्यांच्या सकाळच्या ग्रुपमध्ये एका ऑफिसचे हिशेब बघणाऱ्या मॅडम आहेत. त्यांनी चालता चालता सांगितलं, अहो, ती नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन घेऊन बसा. दोन हजार वाचले. ताईंच्या घरात, भावकीत, कोणालाच हे माहीत नव्हतं.

मग काही जण म्हणतात, सर, मी डायरेक्ट मोठ्या मॅरेथॉनला जातो, तिथे हजारो माणसं भेटतील. जा की, जरूर जा. २००४ पासून मुंबई मॅरेथॉन होते, २०१२ पासून साताऱ्याची हिल मॅरेथॉन होते, एकदा तो माहोल बघाच. पण एका सकाळी हात मिळवलेला माणूस दुसऱ्या दिवशी तुमचा फोन उचलेलच असं नाही. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून जास्त लोकांच्या माहितीवरून एक मोठा अभ्यास झाला. नोकरी मिळायला सगळ्यात उपयोगी कोण? जिवलग नाही, अगदीच अनोळखीही नाही, मधल्या ओळखीचे. आठवड्याला एकदा बरोबर पळणारा माणूस म्हणजे बरोबर हा मधला. म्हणून मॅरेथॉनपेक्षा तिच्या तयारीचे चार महिने महत्त्वाचे, तेही चार तऱ्हेच्या लोकांबरोबर.

आता खरी अडचण. मैत्री झाली की उधारी मागतात. यावर कोणी बोलत नाही, पण छोटं दुकान गिऱ्हाईक नसल्याने जेवढं बुडतं तेवढंच मित्रांच्या वहीने बुडतं. पहिल्या दिवसापासून पळणाऱ्या मित्राला काऊंटरचाच भाव लावा. सवलत द्यायचीच असेल तर ती सगळ्यांना असते तीच द्या. उधारी दिलीत तर रक्कम आणि तारीख त्याच्यासमोर लिहा. आणि पळताना वसुली करायची नाही! फोन दुपारी करा. सकाळी पैशाचा विषय काढलात की तो माणूस उद्यापासून दुसऱ्या रस्त्याने पळेल. मग पैसे गेले, मित्रही गेला.

आपला माल विकायचीही घाई नको. पहिले दोन महिने व्हिजिटिंग कार्ड खिशात ठेवूच नका, तसंही ते घामाने भिजतं. समोरच्याने "तुम्ही काय करता?" विचारलं तर एका वाक्यात सांगा आणि उलट त्याचं विचारा. उपयोगी पडायची संधी शोधा. भरतीच्या मुलाला फॉर्मची प्रिंट लागते, ग्राऊंडच्या दिवशी पहाटे स्टेशनपर्यंत गाडी लागते. बदलीवर आलेल्या साहेबाला खानावळ, भाड्याची खोली लागते. तुम्ही गावचे आहात, तुम्हाला हे फोनवर जमतं. माणूस ते विसरत नाही.

ताईंसाठी वेगळं सांगायला हवं. पहाटे अंधारात एकटीने पळा असा सल्ला मी देणार नाही. उजाडल्यावर निघा, तिघी-चौघी तरी असा, मैदान किंवा वस्तीतला रस्ता निवडा. पळायला लाज वाटत असेल तर दोन मिनिटं चाला, एक मिनिट पळा. बचत गटातल्याच मैत्रिणी घेऊन गेलात तर वर्तुळ तेच राहील, म्हणून प्रत्येकीने गटाबाहेरची एक ओळखीची आणावी.

गावात ग्रुपच नसेल तर? लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली १३ जण शनिवारी सकाळी ५ किलोमीटर पळाले. फी नाही, बक्षीस नाही. तेच पुढे पार्करन म्हणून अनेक देशांत पोचलं. तुम्हाला १३ पण नकोत, पाच पुरतील. फक्त पाचही जण एकाच आळीतले नसावेत. हायवेवर आणि शहापूर-मुरबाड रस्त्यावर गाड्या फार सुसाट असतात, तिथे घोळका करून पळू नका. कॉलेजचं मैदान किंवा आतला गावरस्ता बघा. रस्त्याने पळायचंच असेल तर समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा उजव्या बाजूने, एकामागे एक. दिवस ठरवा, जागा ठरवा, आणि सव्वासहा म्हटलं की सव्वासहालाच निघा. उशिरा येणारा वाटेत गाठेल.