पोरगी आळशी नव्हती, तिला ऐकू येत नव्हते!

मलकापूरच्या एस.टी. स्टँडवर सकाळी उभे राहिले की शाहूवाडी तालुक्याचे भवितव्य डोळ्यांपुढून जाते. आंब्याकडून, विशाळगडाच्या बाजूने, बांबवड्याकडून गाड्या येतात आणि पाठीवर दप्तर घेतलेली पोरे-पोरी उतरतात. कुणाचा बाप मुंबईला हमाली करतो, कुणाची आई दुसऱ्याच्या बांधावर राबते. घरातला पहिला पदवीधर व्हायला निघालेली ही लेकरे पाहून आमचा ऊर भरून येतो. पण एक प्रश्नही छळतो. पावसाळ्यात दिसणारी सगळीच पोरे परीक्षेच्या दिवसांत का दिसत नाहीत? मधेच गळतात ती कुठे जातात?

"लक्ष नव्हते", "पोरीला शिकायचेच नव्हते", अशी उत्तरे मिळतात. आम्हीही अनेक वर्षे हेच बोलत होतो. त्या चुकीचा हिशेब आज वाचकांपुढे मांडायचा आहे.

आमच्या हातून झालेली चूक

आमच्या नात्यातली एक मुलगी. वाडीजवळच्या शाळेत पहिल्या पाचात असायची. तिला कमी ऐकू येते हे गुरुजींना ठाऊक होते. ते तिला पुढे बसवीत, तिच्याकडे तोंड करून बोलत. ओठांच्या हालचालीवरून ती शब्द ओळखायला शिकली. घरात कुणाला त्याचे फारसे काही वाटले नाही. "तिच्याशी जरा मोठ्यानं बोला," एवढेच.

अकरावी-बारावी तिने पुस्तके पाठ करून काढली. पदवीच्या पहिल्या वर्षाला मात्र गाडी अडली. भरलेला वर्ग आणि फळ्याकडे तोंड करून शिकवणारे सर. विचारले एक, तिने उत्तर दिले दुसरेच आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून ती मागच्या बाकावर गेली. मग एक दिवसाआड कॉलेज, मग आठवड्यातून एकदा, मग बंद. जेवण तुटले, झोप उडाली. कोपऱ्यात बसून राहायची.

तिच्या बापाचा मुंबईहून फोन आला. "दाजी, पोरगी कालेजला जाईना झालीया. तुमी शिकल्यालं हाय, जरा सांगून बघा."

आम्ही गेलो आणि भाषण ठोकले. "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, आणि तुला एस.टी.त बसून जायचा कंटाळा येतो?" पोरगी आमच्या ओठांकडे बघत होती. मग तिने मान खाली घातली. आम्हाला वाटले, पटले. आम्ही चहा पिऊन परत आलो.

त्याच रात्री ती आत्याला म्हणाली, "मी नसले तर बरं हुईल. बाबांचा खर्च तरी वाचंल."

ती आत्या चौथी शिकलेली, पण त्या रात्री शहाणी तीच ठरली. तिने आरडाओरडा केला नाही, शपथा घातल्या नाहीत. पोरीचा हात हातात धरून रात्रभर जागी राहिली. सकाळी शेजारची म्हातारी म्हणाली, देवऋष्याला दाखवा. आत्याने ठणकावले, "दाखवायचं तर डाक्टरला." कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात कानाची तपासणी झाली. दोन्ही कान अधू निघाले. मनाच्या आजाराच्या डॉक्टरांनीही तपासले. ते म्हणाले, "हा आळस नाही. हे नैराश्य आहे, आणि ते बरे होते."

एका गाठीत दोन गाठी

बंधू-भगिनींनो, येथे दोन गाठी एकात एक पडल्या होत्या. कानाची अडचण कुणी दूर केली नाही, म्हणून मन आजारी पडले. मन आजारी पडले, म्हणून अडचण सांगायचे बळ उरले नाही. दिसायला कमी असलेला मुलगा, पाय अधू असलेली मुलगी, वाचताना अडखळणारे लेकरू, या सगळ्यांच्या बाबतीत हेच घडू शकते.

मनाचा आजार ओळखायचा कसा? दोन आठवड्यांहून अधिक काळ पोर उदास असेल, आवडीच्या गोष्टीत रस नसेल, झोप-भूक बिघडली असेल, "मी कशालाच लायक नाही" असे बोलत असेल, तर ते नाटक समजू नये. समुपदेशक म्हणजे उपदेश करणारा माणूस नव्हे. तो आधी ऐकून घेतो आणि मग पोराला स्वतःची वाट शोधायला मदत करतो. काहींना त्याबरोबर गोळ्याही लागतात. त्या मनाने सुरू करू नयेत आणि मनाने बंदही करू नयेत.

हा प्रश्न एका घराचा नाही. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. हैदराबादचा रोहित वेमुला २०१६ साली गेला, मुंबईची डॉ. पायल तडवी २०१९ साली गेली. दोघांच्याही बाबतीत जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला आणि दोघांच्या आया न्यायासाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. म्हणून हेही सांगितले पाहिजे की, अपमान होत असेल तर पोराला नुसते "मन घट्ट कर" सांगून भागत नाही. अपमान करणाऱ्याला थांबवावे लागते. आजाराला उपचार आणि अन्यायाला दाद, दोन्ही हवे.

कायदा काय देतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. जुन्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात २१ आहेत. त्यात मानसिक आजार आहे, वाचन-लेखनातील अक्षमताही आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयाची सवलत ५ वर्षांची आहे. मान्यताप्राप्त संस्थेने विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची आहे. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळेची तरतूद आहे. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे हा जादा वेळ तासाला किमान २० मिनिटे असतो.

प्रमाणपत्र ४० टक्क्यांचे नाही, म्हणून निराश होऊ नये. विकास कुमार या तरुणाचा हात लिहिताना आखडत असे. त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सांगितले की, लेखनिकाची सोय ४० टक्केवाल्यांपुरतीच अडवून ठेवता येणार नाही.

समुपदेशकाबद्दलही आता स्पष्ट आदेश आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षण संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संबंध जोडून ठेवायचा आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांशी कसे वागावे, हेही कर्मचाऱ्यांना शिकवायचे आहे. तेव्हा पालकसभेला गेलो की आपण विचारायचे, "साहेब, आपल्या कॉलेजचा समुपदेशक कोण? तो कोणत्या वारी बसतो?" हा उद्धटपणा नव्हे, हक्क आहे.

कारकुनाचा सल्ला

आम्ही पेशाने कारकून. आवक-जावकात जन्म गेला. अनुभवाने सांगतो, तोंडी विनंती वाऱ्यावर जाते, कागद टिकतो. म्हणून चार कामे करा.

पहिले, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्याबरोबरचे ओळखपत्र काढून घ्या. त्याचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. वाडीतल्या शिकलेल्या पोरांनी तो भरून द्यावा. शिष्यवृत्ती आणि एस.टी.ची सवलत यांच्याही दारात हाच कागद लागतो.

दुसरे, प्रवेश घेतानाच प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या. काय हवे ते नेमके लिहा: पुढचा बाक, सरांची टिपणे, तळमजल्यावर वर्ग, परीक्षेत जादा वेळ. परीक्षा आठवड्यावर आल्यावर अर्ज केला तर कार्यालयालाही हालचाल करायला सवड राहत नाही.

तिसरे, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोच घ्या. दाद मिळाली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. तेव्हा हीच पोच कामाला येते.

चौथे, १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ही सरकारी सेवा आहे. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. पोराच्या तोंडून जीव नकोसा झाल्याची भाषा निघाली तर त्याला एकटे सोडू नका. "तुझ्या मनात जिवाचे काही बरेवाईट करायचे येते का?" असे सरळ, मायेने विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट ओझे हलके होते. पोलिसांची भीती घालू नका आणि बाळगूही नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला गुन्हेगार न मानता उपचार आणि आधार द्यायचा, असे ठरवले आहे.

कोल्हापूरची वाट जुनी आहे

आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. अस्पृश्य मुलांना शहरात राहायला छप्पर नव्हते, तेव्हा १९०८ साली राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. नुसती शाळा उघडून भागत नाही, मूल तिथे टिकेल अशी सोय करावी लागते, हे त्यामागचे शहाणपण. याच कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. ऐन उमेदीत त्यांचे पाय गेले, पुढे चाकाच्या खुर्चीवरून त्यांनी शेकडो अपंग मुलांना शिक्षणाची वाट मोकळी केली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन प्रत्येक वाचनालयात असावे.

आमच्या त्या मुलीला कानाचे यंत्र मिळाले. अर्जाला पोच मिळाली आणि थोडी लढाई करून पुढचा बाकही मिळाला. एक वर्ष वाया गेले. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. सगळे दिवस सारखे नसतात. कधी कधी तिला घरातून निघवत नाही. तेव्हा आत्या स्टँडपर्यंत सोबत जाते.

परवा आम्ही तिची माफी मागितली. ती हसून म्हणाली, "मामा, त्या दिवशी तुमी लई भरभर बोलत होता. मला निम्मं कळालंच न्हाई."

बरेच झाले म्हणायचे! पण आता आम्ही तिच्यासमोर बसतो, तोंड उजेडाकडे करतो, सावकाश बोलतो. आणि मुख्य म्हणजे, आधी तिचे ऐकतो.